आजोबांचं मिग आणि बहात्तरचा पाढा

दोस्तांनो, तुम्हाला कितीपर्यंत पाढे येतात? तीसपर्यंत? शाब्बास! आज मात्र आपण असा एक पाढा बघणार आहोत, जो कुठल्याच अंकलिपीत छापलेला नसतो. बहात्तरचा पाढा! घाबरू नका, तो घोकायचा नाही. एक छोटंसं विमान रंगवताना फक्त ध्यानात ठेवायचा आहे.

समजा, तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या पेठ गावात राहता. पावसाळा सरलाय. दिवाळीची साफसफाई चालू आहे आणि आईने तुम्हाला माळ्यावर चढवलंय. तिथे एक पत्र्याची ट्रंक आहे. ट्रंकेत जुनी पुस्तकं, एक गंजलेला कंपास आणि सगळ्यात खाली एक चपटा खोका. खोक्यावरचं चित्र पार उडून गेलंय. झाकण उघडून पाहता तर काय, आत प्लॅस्टिकचं एक अर्धवट विमान! धड जोडलेलं, पंख लावलेले. पण चाकं आणि बारीकसारीक तुकडे अजून प्लॅस्टिकच्या चौकटीलाच लटकलेले. एका पिवळ्या पडलेल्या कागदावर तिरंगी गोल आणि आकडे.

तुम्ही तो खोका घेऊन धावत अंगणात येता. आजोबा चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "अरे, हे सापडलं होय! ओझरला नोकरीला होतो तेव्हा आणलं होतं. जोडायला घेतलं आणि राहूनच गेलं. आता तूच कर पुरं!"

झालं! आता ही जबाबदारी तुमची. आणि ती साधीसुधी नाही, बरं का. असे जुने संच दुकानात सहसा मिळत नाहीत. एखादा तुकडा मोडला, रंगाने प्लॅस्टिक विरघळलं किंवा स्टिकरचे तुकडे झाले, तर बदली माल कुठून आणणार? म्हणून आज आपण सगळं नीट समजून घेऊ आणि मगच हात लावू.

ओझरला विमानं कशी जोडली?

पेठहून करंजाळी, सावळघाट करत नाशिकला यायला साधारण ५५ किलोमीटर. नाशिकच्या पुढे, मुंबई-आग्रा महामार्गावर आणखी वीसेक किलोमीटर गेलं की ओझर. तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड म्हणजे एच.ए.एल.चा विमान कारखाना आहे. १९६४ साली तो सुरू झाला, तोच मुळी मिग-२१ ही लढाऊ विमानं बनवण्यासाठी. या विमानाचा आराखडा सोव्हिएत संघाचा. त्याचं इंजिन ओडिशातल्या कोरापुटच्या कारखान्यात तयार व्हायचं, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला. आणि विमान उभं राहायचं आपल्या ओझरला!

आता एक गंमत ऐका. ओझरला जोडलेली सुरुवातीची मिग विमानं काही पहिल्या पत्र्यापासून इथे बनली नव्हती. त्यांचे सुटे भाग सोव्हिएत संघातून येत. इथले कामगार ते जुळवून विमान तयार करत. म्हणजे तुमच्या खोक्यातल्यासारखाच 'संच', फक्त भलामोठा! असं करता करता आपले लोक शिकले आणि १९७० साली कच्च्या मालापासून इथेच बनवलेलं मिग-२१ तयार झालं. आजोबांच्या पिढीने हे काम आपल्या हातांनी केलंय.

७२ हा आकडा आला कुठून?

खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात १:७२ असं लिहिलेलं असतं. म्हणजे खरं विमान या विमानाच्या बहात्तर पट मोठं. मिग-२१ च्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर ७.१५ मीटर. त्याला ७२ ने भागा. उत्तर येतं १० सेंटीमीटरला जरासं कमी. पट्टी घेऊन मोजून पाहा!

पण ७२ च का? ७० का नाही? त्याचं कारण फूट आणि इंच. १ फुटात १२ इंच, तर ६ फुटात किती? ७२! म्हणजे या मापात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडच्या 'फ्रॉग' कंपनीने १९३६ साली 'पेंग्विन' नावाने प्लॅस्टिकच्या विमानांचे संच विकायला काढले, ते याच मापाचे. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने शाळेतल्या मुलांना लाकडाची छोटी विमानं कोरून द्यायला सांगितलं. ती पाहून सैनिकांनी आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे ओळखायला शिकायचं. उद्दिष्ट होतं ५ लाख विमानांचं! त्यांचंही माप १:७२ च. पाहिलंत? शाळकरी मुलांच्या हातचं काम किती मोलाचं असतं ते!

आता आपला पाढा. तुमच्या विमानावर जे काही कराल, त्याला मनातल्या मनात ७२ ने गुणायचं.

पंख आणि धड यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली. गुणिले ७२, म्हणजे ३६ मिलिमीटर. खऱ्या विमानात एवढी फट असती तर आजोबांचा अंगठा आरामात आत गेला असता!

रंगात डोक्याचा एक केस चिकटला. केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर धरा. गुणिले ७२, म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर. विमानाच्या पंखावर सुतळीहून जाड दोरी पडल्यासारखं दिसेल!

आणि रंगाचा थर? तो जर ०.१ मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या विमानावर ७.२ मिलिमीटर. तुमच्या पेन्सिलीएवढा जाड रंग! असं विमान कधी पाहिलंय का?

म्हणून आपलं एकच सूत्र : पातळ, स्वच्छ आणि सावकाश.

आधी अंघोळ

प्लॅस्टिकचे भाग साच्यात तयार होतात. साच्यातून ते सहज सुटावेत म्हणून साच्याला तेलकट पदार्थ लावतात. त्याचा अंश भागांवर राहतो. शिवाय इतक्या वर्षांची धूळ आणि हातांचा तेलकटपणा आहेच. तेलकट अंगावर रंग बसेल का? मुळीच नाही.

तेव्हा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका आणि जुन्या मऊ टूथब्रशने विमान हळूच धुवा. पाणी कोमटच हवं, हं! कढत पाण्याने हे प्लॅस्टिक वाकडं होतं. धुताना खाली परात ठेवा. एखादा तुकडा निसटला तर मोरीच्या जाळीतून थेट गटारात जायला नको. मग जुन्या धोतराच्या मऊ कापडावर सावलीत वाळू द्या.

चौकटीला लटकलेले तुकडे मात्र हाताने पिरगाळून तोडू नका. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. धारदार नेलकटरने थोडं लांबून कापा आणि उरलेलं टोक नंतर घासून काढा. रिकामी झालेली चौकट फेकून देऊ नका, बरं! तिचं मोठं काम पुढे आहे.

फट, लांबी आणि पॉलिश पेपर

गॅरेजमध्ये पोचा आलेली गाडी रंगवताना पाहिलंय का? रंगारी आधी पोचा भरून काढतो. त्या भरण्याला म्हणतात 'लांबी'. आपल्यालाही फटीत लांबी भरायची आहे. दात कोरायच्या काडीच्या टोकावर अगदी थोडी घ्या. एकदम जाड भरू नका, वाळताना ती आक्रसते. थोडी भरा, वाळू द्या, पुन्हा भरा.

मग पॉलिश पेपर. हार्डवेअरच्या दुकानात पाण्यातला पॉलिश पेपर मागा. ४०० नंबर, मग ६००, मग १०००. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल गोल घासा. पाण्यामुळे धूळ उडत नाही आणि ओरखडेही कमी पडतात.

जुन्या संचांच्या अंगावर पुष्कळदा पत्र्यांचे सांधे दाखवायला बारीक उंच रेघा असतात. घासताना त्या पुसल्या जातात. म्हणून फटीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि मधलाच भाग घासा.

आता एक अवघड प्रश्न. विमान नीट न्याहाळताना एका पंखावर, अगदी खालच्या बाजूला, तुम्हाला ठसा दिसतो. आजोबांच्या अंगठ्याचा! प्लॅस्टिकचा डिंक प्लॅस्टिकला क्षणभर विरघळवतो आणि मग जोडतो. तेवढ्यात बोट टेकलं की ठसा कायमचा. तो घासून टाकायचा का?

पाढा सांगतो, टाकायचा. दीड सेंटीमीटरचा ठसा खऱ्या पंखावर मीटरभराचा होईल. पण मन काय सांगतं? हे विमान कुणी सुरू केलं, याची तीच तर खूण आहे! वरच्या बाजूला असता तर घासावाच लागला असता. खालच्या बाजूला आहे, तर राहू द्या की. पाढा मोडायचा हक्क कधी कधी आपल्यालाही असतो. मात्र तो विचार करून मोडावा, कंटाळा आला म्हणून नव्हे.

अस्तराचा हात

गणपतीच्या कारखान्यात जाऊन आलात का कधी? मूर्ती घासून गुळगुळीत केली की आधी सगळीकडे एकसारखा पांढरा हात देतात आणि मग बाकीचे रंग. आपल्या विमानाला तसाच राखाडी अस्तराचा म्हणजे प्रायमरचा हात द्यायचा. त्याचे दोन फायदे. एक, रंग धरून राहतो. दोन, राहिलेल्या चुका चहाडी केल्यासारख्या दिसायला लागतात! फट, ओरखडा, डिंकाचा ओघळ, सगळं उघड होतं. दिसलं की पुन्हा घासा आणि पुन्हा अस्तर द्या. इथे कंटाळलात तर वरचा रंग कितीही सुंदर द्या, चूक त्याच्यातूनही डोकावणार.

इथे एक धोक्याची सूचना! गाड्यांच्या रंगात घालतात तो थिनर, पेट्रोल, नखांचं पॉलिश काढायचं ॲसिटोन, यातलं काहीही या प्लॅस्टिकला लागता कामा नये. प्लॅस्टिक मेणासारखं मऊ पडतं, विरघळतं. म्हणून कुठलाही नवा रंग किंवा प्रायमर आधी त्या रिकाम्या चौकटीवर लावून पाहा. एक दिवस थांबा. चौकट ठणठणीत असेल तरच विमानाला लावा. कळलं ना, चौकट का जपून ठेवायला सांगितली ते?

कोणत्या वर्षीचं विमान?

आता रंग कोणता द्यायचा? "आवडेल तो!" असं म्हणू नका. विमानाचा रंग म्हणजे त्याचा जन्मदाखला. आधी ओळखा, की हे कोणतं मिग-२१. ओझरला याचे तीन मुख्य प्रकार बनले. आधी एफएल, मग एम आणि शेवटी बिस. प्रत्येक पंखाखाली क्षेपणास्त्रं टांगायचे आकडे मोजा. एकेकच असेल तर एफएल, दोन-दोन असतील तर एम किंवा बिस.

समजा, तुमचं एफएल निघालं. एफएल विमानं सुरुवातीला रंगवलेलीच नसत. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा तसाच उघडा, चंदेरी, चकचकीत! उन्हात लांबूनही चमकायचा. पण चमकणं युद्धात महागात पडतं. तळावर उभं असलेलं चकाकतं विमान वरून शत्रूला लगेच दिसतं. ६ सप्टेंबर १९६५ रोजी पठाणकोटच्या तळावर पाकिस्तानी विमानांनी हल्ला केला, तेव्हा जमिनीवर उभी असलेली आपली दोन मिग-२१ नष्ट झाली होती.

१९७१ साली पुन्हा युद्धाचे ढग जमले. तेव्हा या चंदेरी विमानांवर हिरवे, तपकिरी, मातकट पट्टे मारायची एकच घाई उडाली. काम तळावरच झालं, हाताशी असलेल्या रंगांनी. त्यामुळे त्या काळच्या फोटोंमध्ये सगळी मिग एकसारखी दिसत नाहीत. त्याच युद्धात १४ डिसेंबर १९७१ रोजी मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागली. दोनच दिवसांनी, १६ डिसेंबरला, पाकिस्तानी सैन्याने तिथे शरणागती पत्करली.

म्हणजे तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. १९७१ च्या आधीचं चंदेरी विमान किंवा युद्धातलं पट्ट्यापट्ट्यांचं. कोणतं निवडायचं? आजोबांना विचारा! ओझरच्या धावपट्टीवरून उडताना त्यांनी कोणतं पाहिलं होतं? ते आठवून आठवून सांगतील. एखादी गोष्ट विसरले असतील, तर वाचनालयातल्या पुस्तकातला फोटो दाखवा. मग बघा कसं एकातून एक आठवत जाईल! अर्धं रंगकाम त्या गप्पांतच होतं.

आता रंग!

सगळ्यात आधी हवा पाहा. पेठ-सुरगाण्याकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू! आवणीच्या दिवसांत धुतलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे रंग काय वाळणार? दमट हवेत रंग वाळायला वेळ लागतो आणि फवाऱ्याच्या रंगावर पांढुरकी कुंद झाक येते. म्हणून दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. सकाळी दव उतरल्यावर, पण वारा सुटायच्या आत बसा.

नवशिक्यांनी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग घ्यावेत. स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, वासही फार येत नाही. इनॅमल रंग घेतलात तर त्याला टर्पेंटाइन लागतं आणि वाळायला निदान एक दिवस. शाळेतले पोस्टर कलर मात्र नकोत. प्लॅस्टिकवर ते धरत नाहीत, ओलं बोट लागलं की निघून येतात.

रंग बाटलीतून थेट विमानावर नेऊ नका. जुन्या बशीत थोडा काढा आणि पातळ करा. किती पातळ? दुधाइतका. पहिला हात दिल्यावर खालचं अस्तर दिसत राहील. दिसू द्या! तिथेच पुन्हा पुन्हा कुंचला फिरवायचा मोह आवरा. पूर्ण वाळू द्या. दुसरा हात आडवा द्या, लागला तर तिसरा पुन्हा उभा. तीन पातळ हात मिळून जाडी एका जाड हाताहून कमीच होते आणि कुंचल्याच्या रेघाही दिसत नाहीत.

चंदेरी करायचं असेल तर खालचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत हवा, कारण चंदेरी रंग एकही ओरखडा लपवत नाही. एक युक्ती सांगू? खऱ्या विमानाचे सगळे पत्रे एकसारखे चमकत नाहीत. चंदेरीत काळ्या रंगाचा कणभर थेंब मिसळा आणि शेपटीकडचे दोन-चार पत्रे त्याने रंगवा. विमान लगेच जिवंत वाटेल.

पट्टे मारायचे असतील तर आधी फिकट रंग, त्यावर गडद. शिवाय रंगात पांढऱ्याचा थोडा अंश घाला. का? लांबचा डोंगर जवळच्या डोंगरापेक्षा फिकट दिसतो ना, तसंच! छोटं विमान म्हणजे लांबून पाहिलेलं मोठं विमान. खऱ्याइतकाच गडद रंग दिला तर ते खेळण्यासारखं दिसतं.

आणि नाकातला तो टोकदार शंकू चंदेरी करू नका. त्याच्या आत रडार असतं. रडारच्या लहरी धातूतून आरपार जात नाहीत, म्हणून तो शंकू धातूचा नसतो. फोटो पाहून त्याचा वेगळा रंग ठरवा. ज्याला हे कळतं, त्याचं विमान जाणकाराच्या नजरेत लगेच भरतं.

पिवळे पडलेले स्टिकर

आता सगळ्यात नाजूक काम. त्या पिवळ्या कागदावरचे तिरंगी गोल आणि आकडे. यांना डिकॅल म्हणतात. पाण्यात बुडवले की कागदावरून सुटतात आणि विमानावर सरकवता येतात. इतक्या वर्षांनी ते पिवळे पडणारच. त्यावर सूर्यनारायणाचं औषध! कागद पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. रंगीत बाजू बाहेर. आठ-पंधरा दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो.

जुने डिकॅल पाण्यात पडताच त्यांचा चुरा होण्याची भीती असते. आधी नको असलेला एखादा आकडा बुडवून पाहा. तुकडे झाले तर उरलेल्या कागदावर पारदर्शक व्हार्निशचा एक पातळ हात द्या. वाळल्यावर एकेक चित्र कापून घ्या. व्हार्निशची पातळ साय त्यांना धरून ठेवते.

डिकॅल खडबडीत रंगावर लावले तर त्यांच्याखाली हवेचे बारीक कण अडकतात. त्यावरून प्रकाश परततो आणि चित्राभोवती पांढुरकी चमक दिसते. म्हणून आधी विमानाला चकचकीत व्हार्निश, त्यावर डिकॅल, आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा हात. पट्ट्यांच्या विमानाला तो मॅट म्हणजे बिनचमकीचा, चंदेरीला चमकीचा.

भारतीय हवाई दलाच्या गोलात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा रंग असतो. अगदीच चुरा झाला तर हिरमुसू नका. कंपास घ्या, पातळ कागदावर गोल काढा आणि स्वतः रंगवा. गोल सुबक हवा, मग पाढाही काही म्हणणार नाही!

शेवटी डोळे

मूर्तीची सगळी रंगरंगोटी झाल्यावर सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी होते. ती करताना कारागीर श्वाससुद्धा रोखून धरतो. विमानाचे डोळे म्हणजे वैमानिकावरची ती पारदर्शक काच. तिच्या चौकटीच्या पट्ट्या मिलिमीटरभर रुंदीच्या. काचेवर मास्किंग टेप लावा. पण आधी तो आपल्या हाताच्या पाठीवर एक-दोनदा चिकटवून काढा, म्हणजे त्याचा चिकटपणा कमी होईल. पट्ट्यांवरचा टेप कापून काढा. ब्लेडचं हे काम मोठ्यांनी करायचं. मग रंग द्या आणि वाळल्यावर टेप मागे दुमडत सावकाश सोडवा.

काच बसवायला फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा डिंक चुकूनही वापरू नका! त्याच्या वाफेने काचेवर पांढरं धुकं बसतं आणि ते सहज निघत नाही. आपलं साधं पांढरं फेविकॉल घ्या. वाळल्यावर ते पारदर्शक होतं.

झालं! आता विमान उन्हात धरा. कसं दिसतंय?

आई-बाबांसाठी चार शब्द

ब्लेड, व्हार्निश आणि फवाऱ्याचा रंग ही कामं मुलांनी एकट्याने करू नयेत. अंगणात किंवा उघड्या खिडकीजवळ, चुलीपासून आणि दिव्यापासून लांब, तुम्ही सोबत बसून करावीत. बाकी मात्र मुलांच्या हातात द्या. विमान थोडं वाकडं झालं तरी चालेल. 'अजून वाळलं नाही, उद्या करू' असं मूल स्वतःहून म्हणालं, तर समजा सगळं साधलं.

आणि एक गोष्ट राहिलीच

मिग-२१ आपल्या हवाई दलात १९६३ साली दाखल झालं. एफएल विमानांनी ११ डिसेंबर २०१३ रोजी पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा इथे निरोप घेतला. आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला शेवटची मिग-२१ विमानंही निवृत्त झाली. बासष्ट वर्षांची सेवा! त्यात पराक्रम आहे, तसेच कितीतरी अपघात आणि त्यात गेलेले तरुण वैमानिकही आहेत. विमानाकडे पाहताना दोन्ही आठवायला हवं. ओझरचा कारखाना मात्र थांबलेला नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे तयार झालेल्या पहिल्या 'तेजस मार्क-१ ए' विमानाने आकाशात भरारी घेतली.

खरं मिग-२१ आता भारताच्या आकाशात दिसणार नाही. दिल्लीच्या पालम इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात ते उभं आहे, बंगळूरच्या एच.ए.एल.च्या संग्रहालयातही आहे. आणि पेठमधल्या एका घराच्या फडताळात एक असेल, दहा सेंटीमीटर पंखांचं! त्याच्या पोटाखाली, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे बारीक कुंचल्याने दोन नावं लिहा. ज्याने सुरू केलं त्याचं आणि ज्याने पुरं केलं त्याचं. अक्षर अगदी बारीक काढा, हं. नाहीतर गुणिले ७२!

मग, कधी चढताय माळ्यावर?